पेटीत आहे

पाणीपुरवठ्याच्या त्या अवाढव्य कार्यालयात तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'ताळमेळबाई'. दोन्ही तिच्या कानावर होतं. दुसरं नाव जास्त खरं होतं, म्हणून तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

कार्यालयाचे विभाग सात: जोडण्या, मीटर, जलवाहिन्या, भांडार, कर्मचारी, तक्रारी आणि प्रयोगशाळा. प्रत्येकाचा आपला डेटाबेस, तो सांभाळणारा आपला माणूस आणि त्या माणसाचा आपला हेका. एकच रस्ता जोडणीवाल्यांकडे 'टाकी मार्ग' होता, मीटरवाल्यांकडे 'टाकी रोड' आणि तक्रारवाल्यांकडे नुसताच 'टाकीपाशी'. पाणी तिन्हीकडे एकाच नळाने जायचं, हे नागरिकांचं नशीब. या सातांची तोंडं एका दिशेला करायची, हे तिचं काम. नियुक्तिपत्रात त्याला 'समन्वय' म्हटलं होतं. तिचा नवरा त्याला 'सात सुनांची सासू' म्हणायचा, पण स्वतःच्या आईसमोर म्हणायचा नाही.

ती या कार्यालयात टंकलेखक म्हणून लागली होती, त्याला सव्वीस वर्षं झाली. टाइपरायटर गेले, संगणक आले, संगणकांना आवरणारं कोणीतरी लागलं आणि सगळ्यांशी भांडूनही सगळ्यांच्या टेबलावर चहा पिऊ शकेल अशी ती एकटीच निघाली. रस्त्यांच्या नावांचा तह व्हायला तीन वर्षं लागली. शेवटी 'टाकी मार्ग' ठरलं. तक्रारवाले अजूनही बोलताना 'टाकीपाशी'च म्हणतात, पण लिहीत नाहीत. तिला तेवढं पुरे होतं.

तिचे नियम दोन. पहिला: खाजगी वह्या बंद. जी काही नोंद असेल ती डेटाबेसात. टेबलाच्या खणात नाही, पाकिटात नाही, डोक्यात तर मुळीच नाही. दर दोन वर्षांनी ती सगळ्या विभागप्रमुखांकडून लिहून घ्यायची, 'माझ्याकडे वेगळी वही अथवा तक्ता नाही.' खाली सही.

दुसरा नियम म्हणजे पेटी. सातही डेटाबेसांची नक्कल रोज रात्री आपोआप एका टेपेवर उतरायची. टेप म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. शुक्रवारी ती लोखंडी पेटीत जायची आणि कार्यालयाचे ड्रायव्हर काका बरोबर तीन वाजता ती पेटी घेऊन अकरा किलोमीटरवरच्या जुन्या पंपघराकडे निघायचे. तिथला पहारेकरी टेप कपाटात ठेवायचा आणि पावतीवर सही करून रिकामी पेटी परत द्यायचा. उद्या मुख्य इमारत जळाली तरी नोंदी वाचाव्यात, हा हेतू. पाण्याच्या कार्यालयाला आग लागली तर विझवायला पाणी येईलच, याची खात्री खुद्द साहेबांनाही नव्हती.

रोज सकाळी यंत्र अहवाल द्यायचं, 'नक्कल पूर्ण. चुका: शून्य.' ती वहीत 'ठीक' लिहून सही करायची. दर शुक्रवारी पावतीवर आणखी एक. कोणाचं मशीन भरलं, की तो विचारायला यायचा, जुन्या नोंदी काढून टाकू का? ती मान वर न करता म्हणायची, "टाका. पेटीत आहे." हे दोन शब्द कार्यालयात इतके रुळले होते, की छत्री हरवली तरी लोक 'पेटीत बघा' म्हणत.

घरी सासूबाईंची वेगळीच तऱ्हा. बाहेर पडताना कुलूप लावायच्या आणि तीनदा ओढून बघायच्या. जिन्याच्या अर्ध्यावरून परत येऊन चौथ्यांदा. नवरा-बायको खाली ताटकळत उभे. "अहो आई, लावलंय ना तुम्हीच," असं तिने एकदा म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "लावलंय हे मला माहीतच आहे. लागलंय का ते बघतेय." यावर नवरा-बायको आठवडाभर हसले होते.

त्या मंगळवारी प्रयोगशाळेचे रसायनतज्ज्ञ तिच्याकडे आले. त्यांना सगळे 'दोनचष्मे' म्हणत, कारण एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर असायचा आणि ते नेहमी तिसरा शोधत असायचे. खाजगी वह्यांवरून या दोघांचं बारा वर्षांचं वैर होतं. त्यांना उत्तरेकडच्या टाकीच्या क्षारांच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. नवं शुद्धीकरण केंद्र बांधायचं होतं आणि ते केवढं असावं हे त्या नोंदींवरून ठरणार होतं. मशीन भरलं म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी त्या पुसल्या होत्या. अर्थात तिला विचारून.

"पेटीत आहे," ती म्हणाली आणि काकांना चिठ्ठी देऊन पंपघरातून त्या वर्षाची टेप मागवली.

टेप कोरी निघाली. तिला वाटलं, टेपच खराब असेल. काका पुन्हा गेले आणि दहा टेपा घेऊन आले, वेगवेगळ्या वर्षांच्या. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. पेटीत काय असतं हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती. दहाही कोऱ्या. 

कारण शोधायला तिला वीस मिनिटं लागली. नऊ वर्षांपूर्वी, पेटी सुरू झाली त्याच आठवड्यात, सातही डेटाबेस जुन्या मशीनवरून नव्यावर हलवले होते. नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला मात्र तो बदल कोणी सांगितलाच नव्हता. तो बिचारा रोज रात्री जुन्याच जागी जायचा, तिथे असेल ते सगळं उचलायचा, टेपेवर ठेवायचा आणि कळवायचा, चुका शून्य. त्याचं काही खोटं नव्हतं. काहीच न उचलणाऱ्याच्या हातून चूक व्हायची कशी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे प्रोग्रामला कळत नाही. ते कळायला माणूस ठेवला होता. स्थलांतराच्या वेळी करायच्या कामांची यादी तिने फाइलमधून काढली. शेवटून तिसरी ओळ होती, 'नकलेला नवी जागा सांगणे.' पुढे बरोबरची खूण होती आणि खूण तिचीच होती.

चारशे अडुसष्ट शुक्रवार. त्यांतला एकही चुकला नव्हता.

त्या संध्याकाळी बाहेर पडताना सासूबाईंनी कुलूप लावलं, ओढलं आणि त्या वळल्या, तर सून पुढे आली आणि तिनेही ओढून बघितलं. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिलाही सुचलं. बुधवारी तिने प्रोग्रामला खरी जागा दाखवली. गुरुवारी सकाळी टेप दुसऱ्या मशीनवर उलगडून सातही डेटाबेस स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. आता काही बिघडलेलं नव्हतं. बाकीच्या सहांची चालू माहिती मशीनवर धडधाकट होती आणि त्यांनी पुसलेलं कोणी मागत नव्हतं. अडलं होतं ते फक्त प्रयोगशाळेचं आणि त्याला 'टेप खराब झाली' म्हणायला कोणी तिचं तोंड धरलं होतं? पण दोनचष्मे तिच्या शब्दावर विसंबले होते. तिला लाज वाटत होती, अगदी साधी, शाळकरी मुलीला वाटावी तशी. ती उठून प्रयोगशाळेत गेली आणि झालं ते क्रमाने सांगितलं.

दोनचष्म्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर घेतला आणि कपाळावरचा डोळ्यांवर. मग ते आम्लांच्या बाटल्यांच्या कपाटाशी गेले. तिथे तपासणीला कोणी हात घालत नाही. मागच्या रांगेतून त्यांनी एक एक करून सहा जाडजूड वह्या काढल्या. उत्तरेकडची टाकी, महिन्यावार, शाईने.

"माझ्याकडे अशी वही नाही, अशी मी सहा वेळा सही करून दिलीय," ते म्हणाले.

"नोंदी आहेत, अशी मी चारशे अडुसष्ट वेळा दिलीय," ती म्हणाली.

बारा वर्षांच्या वैराला पुढे कसं न्यावं, हे दोघांनाही कळेना. शेवटी दोनचष्म्यांनी चहा मागवला.

तिथून ती साहेबांकडे गेली. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले: आता नीट आहे का आणि हे आणखी कोणाला माहीत आहे. मग ते म्हणाले, मेमो द्यावा लागेल आणि चूक कळवणारं परिपत्रकही काढावं लागेल, पण ते सोमवारी. शुक्रवारी काकांचा निरोप समारंभ होता, भाषण टाइप होऊन आलं होतं आणि त्यात पेटीचा एक अख्खा परिच्छेद होता. शुक्रवार चांगला जाऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. ती हो म्हणाली. काकांना काय सांगायचं, याचा विचार तिने तोपर्यंत केलाच नव्हता.

शुक्रवारी बारा वाजता मोठ्या खोलीत सगळे जमले. साहेबांनी वाचलं, "नऊ वर्षं, दर शुक्रवारी, ऊन असो पाऊस असो, या संस्थेची स्मृती यांच्या हातांनी सुरक्षित पोचली." टाळ्या झाल्या. ज्या माणसाला आयुष्यात कधी उशीर झाला नाही, त्याला भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. मग काकांना बोलायला लावलं. काका गाडीबाहेर फारसे बोलत नसत.

त्यांनी सांगितलं, की पेटी ते नेहमी पुढच्या सीटवर ठेवत, कारण मागे धक्के बसतात. उन्हाळ्यात तिच्यावर ओला टॉवेल टाकत, मॅडमनी एकदा टेपेला उष्णता चालत नाही असं म्हटलं होतं म्हणून. मग म्हणाले, "बायकोचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. मी आधी पेटी पोचवली, मग दवाखान्यात गेलो. ती शुद्धीवर यायच्या आत पोचलो, त्यामुळे घरी कळलं नाही." लोक हसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. ती मागच्या रांगेत बसली होती. टॉवेलचं तिला माहीत नव्हतं. ऑपरेशनचंही नव्हतं. ती उठून बाहेर गेली आणि पाणी प्यायली.

सांगू नये, असंच तिला मनापासून वाटत होतं. काय बिघडणार होतं? म्हातारपणी त्यांनी आरामात नातवंडांना पेटीची गोष्ट सांगितली असती. पण सोमवारी परिपत्रक निघणार होतं, मंगळवारी ते चहाच्या टपरीवर पोचणार होतं आणि बुधवारी कोणीतरी हसत हसत काकांच्या दारात उभं राहणार होतं. ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती पेटी घेऊन स्वतः खाली गेली. काका जीप पुसत होते. तिने सांगायला सुरुवात केली आणि मधे कुठेही न थांबता संपवलं: टेपा कोऱ्या होत्या, पहिलीपासून, चूक माझी, तुमची काही नाही. आज पहिल्यांदा तिच्यात खरंच काहीतरी आहे, मी उलगडून बघितलंय.

काका फडक्याची घडी घालत राहिले. घडी झाली, तरी आणखी एक घातली.

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

त्यांनी दार उघडलं, पेटी पुढच्या सीटवर ठेवली आणि टॉवेल नीट केला. मग पावतीसाठी हात पुढे केला. तिने भांडारातून नवं पावतीपुस्तक आणलं होतं. जुन्यावर सही करायला हात धजावेना. पहिल्या पानावर तिने स्वच्छ अक्षरात क्रमांक एक घातला होता.

काकांनी पावती लांब धरून वाचली. खिशातलं पेन काढलं. 'एक' खोडला आणि शेजारी आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात चारशे एकोणसत्तर लिहिलं.

"आत काय होतं ते तुमचं, मॅडम," ते म्हणाले. "फेऱ्या माझ्या आहेत. त्या मी मारल्यात."

पुस्तक त्यांनी तिच्यापुढे धरलं. तिने खोडलेल्या आकड्याखाली सही केली. तीन वाजले होते. काकांनी गाडी सुरू करण्याआधी पेटीची कडी एकदा ओढून बघितली आणि निघाले.