टक लावून बघायचा अभ्यास

लिबरल आर्ट्स कॉलेजात बालविकास आणि मानसशास्त्र घेतलं, तेव्हा वालचंदनगरच्या आमच्या कॉलनीत जो तो विचारायचा, "म्हणजे बालवाडीची बाई होणार का?" मी म्हणायचे, "हो, तेही जमेल." वाद घालायची मला गरजच वाटत नव्हती. विषय आवडत होता आणि चांगला येत होता, एवढं मला पुरे होतं.

दुसऱ्या वर्षी एका लहान मुलाचं निरीक्षण करायचं काम मिळालं. नियम असा, की मुलाशी खेळायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. सुट्टीत मी कोऱ्हाळ्याला काकीकडे गेले. तिची नात अडीच वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. "तिचा बाप बी उशिराच बोलाय लागला," असं काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मी ओसरीवर बसून बघू लागले. पोर भारी हुशार. माणसांच्या तोंडाकडे बघून सगळं ओळखायची. पण पाठमोरी असताना कुणी हाक मारली, की ढिम्म. दुसऱ्या दिवशी मी तिच्या बापाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, सरळ सांगितलं, "दादा, हिचे कान तपासून घे. बोलायला शिकायचं वय हेच आहे, ते हातचं जाईल."

"खुळी का काय तू? ट्रॅक्टर आला की समद्यांच्या आधी हीच पळती."

"जमीन हादरते ना, ते तिच्या पायांना कळतं."

दादा हसला. काकी मात्र भडकली. "टक लावून लेकराकडं बघायचं आन् वर असलं अभद्र बोलायचं! तुजीच दृष्ट लागली असंल तिला." मला हसू आलं, रागही आला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

संध्याकाळी काकीनं मीठ, मोहरी, मिरच्या पोरीवरून उतरवल्या आणि अंगणातल्या चुलीत टाकल्या. मोहरी अशी तडतडली, की दादा दचकला आणि मांजर पळालं. पोर चुलीकडे पाठ करून वाटीत माती भरत होती. ती भरतच राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? काकीनं आणखी मूठभर मोहरी चुलीत टाकली. मग पुन्हा एकदा. नजर पोरीच्या पाठीवर.

"उद्या बारामतीला न्यायची हिला," ती दादाला म्हणाली. "ऊस काय कुठं पळून जात न्हाय."

तपासणीत दोष निघाला. कानाची मशीन बसवली त्या दिवशी मी कॉलेज बुडवून बारामतीच्या दवाखान्यात हजर होते. पोर आधी बिचकली, मग मशीन ओढायला लागली. तिथल्या बाई काकीला म्हणाल्या, "आजी, बोला की तिच्याशी." एरवी काकीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा.

"आजवर एवढं बोलले, त्यातलं हिला कायबी ऐकूच गेलं न्हाय व्हय," ती कसंबसं म्हणाली, आणि त्या आवाजाच्या दिशेनं पोर वळली.

मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. काकीनं डोळे पुसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी तुजी आजी हाय."