अजून हे जेवले नाहीत

गणपतीशी माझं भांडण झालं होतं. जन्मभर दर मंगळवारी टेकडीवरच्या त्याच्या देवळात गेलो, पण पावसाळा सरल्यापासून पाय तिकडे वळलाच नाही. काहून वळावा? एकच मागणं होतं माझं. बायको बाकी सगळं विसरली तरी चालेल, पण हिला मी आठवू दे. तेवढंही त्याला जमलं नाही. मग कसले मोदक नि कसलं काय!

हिचं विसरणं हळूहळू वाढत गेलं. आधी किल्ल्या, मग शेजारणी, मग लेकीचं नाव. एका सकाळी मला समोर पाहून तिनं पदर सावरला आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही कोणाकडे आले?" सगळा जन्म संसार केला, आणि शेवटी भाऊ झालो! त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडलो. खोटं काहून बोलू?

पण खरं संकट जेवणाचं होतं. आमच्या घरात बाई नवऱ्याआधी जेवत नसे. माझ्या आईनं लावलेली रीत ती. मी जेवून उठलो की ही माझ्याच ताटात वाढून घ्यायची. मी चिडायचो, "ताटं कमी आहेत का घरात?" ती हसायची, पण ऐकायची नाही. आता मी समोर बसून जेवत असे, पण तिच्या लेखी नवरा घरी आलेलाच नसे. घास पुढे केला की तोंड फिरवायची. "अजून हे जेवले नाहीत. मी कशी जेवू?" लेक पुण्याहून येऊन विनवून गेली, शेजारणी थकल्या. एकदा गॅस उघडा राहिला तेव्हापासून स्वयंपाकघराला मी कुलूप घातलं होतं, त्यामुळे ताट आयतंच तिच्यापुढे जाई आणि तसंच परत येई. दूध-बिस्किटावर माणूस किती तगणार? डॉक्टर म्हणाले, सोमवारी घेऊन या, नाकातून नळी टाकू.

आदल्या दिवशी, रविवारी, गॅलरीत उभी राहून ती म्हणाली, "भाऊ, या गावात पाहण्यासारखं काय आहे? आलोच आहो तर पाहून घेऊ." ज्या नागपुरात जन्मली, तिथं ती प्रवासी झाली होती. मी ऑटो केला आणि तिला महाल भागातल्या भोसल्यांच्या राजवाड्यात नेलं. मनात लोभ होता, कबूल करतो. राजवाड्याच्या मागच्याच गल्लीत तिचं माहेर. दसऱ्याला वडिलांचं बोट धरून ती या चौकात सोनं द्यायला यायची, हे तिच्याच तोंडून मी हजारदा ऐकलेलं. इथं तरी काही हलेल, असं वाटलं. कोरीव लाकडी खांबावरून तिनं हात फिरवला. मी श्वास धरून उभा. ती म्हणाली, "केवढं घर हो! झाडायलाच किती बाया लागत असतील?" बस, एवढंच. मग माझ्याकडे वळून, "आता पुढे काय दाखवता?"

ऑटोवाला म्हणाला, "काकाजी, काकूले कामठीचं बुद्धाचं मंदिर दाखवा. लय शांत वाटते तिथं." मी खेकसलोच, "मले नको तुझी शांती!" पण ही आधीच ऑटोत जाऊन बसली होती.

चपला काढून आत गेलो. समोर बुद्धाची चंदनाची मूर्ती. घंटा नाही, आरती नाही, कोणी कोणाला ढकलत नाही. माणसं नुसती बसलेली. आम्हीही बसलो. काय मागायचं इथं, आणि कोणाला? शेजारी तिनं हात जोडले, तशा बांगड्या घसरून पार कोपरापर्यंत गेल्या. मी त्या हाताकडे पाहत राहिलो. मी आठवावं हा हट्ट माझा होता. भूक तिची होती. इतके महिने देवाशी भांडलो ते माझ्यासाठीच भांडलो होतो. मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, नको आठवू दे मी तिला, कधीच नको. तिला फक्त जेवू दे. आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर काही सोडून दिलं, आणि तेही दुसऱ्याच्या देवासमोर.

बाहेर झाडाखाली एक पांढऱ्या लुगड्यातली बाई डबा उघडत होती. सावनेरहून दर्शनाला आलेली. "या जी, दोन घास खा," तिनं बोलावलं. ही लगेच म्हणाली, "नको बाई, अजून हे जेवले नाहीत." मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्या बाईनं मला हातानंच थांबवलं.

"हौ वं माय, मग तू नको जेवू. पण हे पाहुणे तं उपाशी दिसून राहिले. तूच वाढ ना यायले." आणि पिशवीतलं ताट पुढे ठेवून तिनं पळी हिच्या हातात दिली.

हिनं ताट पुसलं. भाताच्या मुदीत खळगा करून वरण घातलं, डाव्या बाजूला चिमूटभर ठेचा. वांग्याची भाजी मात्र वाढलीच नाही. वांग्यानं माझ्या घशाला खाज सुटते. हे तिला कोणी सांगितलं होतं? मी मान खाली घालून जेवलो, डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. हात धुवायला उठलो, वळून पाहिलं, आणि तिथंच थांबलो. तिनं माझं ताट पुढे ओढून घेतलं होतं. माझ्या उष्ट्या ताटात वरणभात कालवून ती भराभर जेवत होती.

त्या माउलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नळी टाकावी लागली नाही. स्वयंपाकघराचं कुलूप काढलं, आता मी गॅसजवळ उभा राहतो आणि ती वाढते. मंगळवारी टेकडीवर जाऊन आलो, मागितलं काही नाही, नुसता पाया पडलो. ती खंगतेच आहे, ते मला दिसतं. मला तिनं अजून ओळखलेलं नाही, ओळखणारही नाही. मी सौदा मोडणार नाही. मीही आता तिला अहो-जाहो करतो. रोज मी जेवून उठलो की ती माझं ताट ओढून घेते, आणि पहिला घास तोंडाशी नेताना थबकून विचारते, "भाऊ, हे जेवले असतील का हो कुठं?"

"जेवले, वहिनी," मी म्हणतो. "तुमच्याच हातचं."