पाच बटणं

आमच्या सूनबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरचं उरकायचं, दोन बस बदलायच्या आणि सातच्या आत वॉर्डात हजर. ती नर्स आहे. उशीर झाल्याचं कधी ऐकलं नाही. मी तीस वर्षं गोदामात पोती वाहिली. कष्टाच्या बाबतीत सहजासहजी कुणाला चांगलं म्हणत नाही. तिला म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. तिने सदरा पुढ्यात ठेवला.

"बाबा, बटणं तुम्ही लावायची."

पाच बटणांना पाऊण तास. शेजारीण दारातून बघत होती.

"घरात नर्स असून सासऱ्याचे हे हाल! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"बसा मावशी, चहा घ्या," सूनबाई म्हणाली. "अजून दोन बटणं राहिलीत."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर बायकोकडून बटणं लावून घेतली. दुपारी ती आली, सदऱ्याकडे बघितलं.

"आई, चोरी पकडली. एकही बटण चुकलेलं नाही!"

आणि पाचही सोडली.

"तुला माझी काळजीच नाही," मी म्हणालो.

ती समोर बसली. "नर्सिंगच्या पहिल्या वर्षी परीक्षेत आम्हाला हाच प्रश्न होता, बाबा. काळजी म्हणजे काय? मी मायेवर दोन पानं लिहिली. बाईंनी काट मारली. म्हणाल्या, रोग्याला जमत नाही तेवढंच आपण करायचं. जमेल तेही आपणच केलं, तर तो कायमचा परस्वाधीन. तुमचा हात परत येईल, पण वापरलात तरच."

मला गोदाम आठवलं. नव्या गड्याला पोतं पाठीवर चढवून द्यायचं, चालायचं त्याचं त्याने. हे मीच शिकवायचो. पाचही बटणं पुन्हा लावली.

चार महिन्यांनी पाच बटणं पाच मिनिटांत. शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवली.

"आमच्याकडे धडधाकट माणसाची बटणंही मीच लावते," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात सूनबाईने पगारातून साठवून स्कूटर घेतली. आता ती पाचला उठते. गाडी दारात लावून तिने माझ्या हातात फडकं दिलं.

"रोज पुसायचं काम तुमचं, बाबा. उजव्या हाताने."

त्या गाडीवर धुळीचा कण सापडला, तर मला येऊन सांगा.