चौकटींचा कागद

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडत नाहीत, त्या सांगणारे तर त्याहून नाहीत. हे लिहितेय ते नाइलाजाने.

मी सुरतेत राहते, गोडादऱ्यात. वीस वर्षं साड्यांच्या चेकिंगला आहे. मागच्या वर्षी उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला आणि आठ दिवस मान खाली घालून पालथी पडून काढले. डॉक्टर म्हणाले, "छिद्र बुजताना पडदा थोडा सरकतो. काही महिने सरळ रेघा वाकड्या दिसतील." घरी तपासायला बारीक चौकटींचा कागद दिला. त्या रेघा सरळ दिसेपर्यंत शेठ मला कामावर घेणार नव्हता.

चार महिन्यांनी कागद सरळ दिसला. पण स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या टाइल्सच्या रेघा वाकलेल्याच... माणसाच्या उंचीइतक्या भागात.

चेकिंगमध्ये आमची एक साधी रीत आहे. दोष दिसला की नजर हलवायची. नजरेबरोबर सरकला तर डोळ्याचा, जागेवर राहिला तर कापडाचा. मी नजर हलवली. तो जागेवरच राहिला.

नवऱ्याला सांगितलं. "तुले तं मन्हामाबी खोट दिखस," स्वतःकडे बोट दाखवत म्हणाला आणि चहा पीत बसला.

दोन दिवसांनी ते वाकडेपण फ्रिजपाशी नव्हतं – नवऱ्याच्या खुर्चीमागे होतं. त्याच दिवशी त्याची मान आखडली. मी तो कागद तिथे भिंतीला चिकटवला. रेघा फुगल्या, मागून कोणी रेटल्यासारख्या. काढून हातात धरला, सरळ. पुन्हा लावला, फुगल्या.

"तुझं काय काम इथे? निघ," मी म्हटलं. उजव्या डोळ्यात सुई घातल्यासारखी कळ आली.

कागद तसाच ठेवून हॉस्पिटल गाठलं. स्कॅन स्वच्छ. छिद्र बंद, पडदा सपाट. "उद्यापासून कामाला जा," डॉक्टर म्हणाले. हेच ऐकायला चार महिने थांबले होते.

घरी आले तर नवरा तो कागद हातात घेऊन उभा.

"हाऊ कागद वाकडा कोनी छापा?"

त्याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

डॉक्टरांना कागद दाखवला. छपाईचा दोष, म्हणाले. मी कामावर रुजू झालेय, साडीतला तुटका धागा पहिल्यासारखा पकडते. घरी आल्यावर मात्र आधी त्या खुर्चीमागची भिंत पाहते. नवऱ्याची मान अजून सुटलेली नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही... डोळाच खराब निघाला असता तर बरं झालं असतं.