वेधशाळेची नजर

बाहेर रणरणतं ऊन असायचं आणि आमच्या चाकणच्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका दिवसातून सात-आठ वेळा म्हणायचे, "आला बगा ढग." म्हणून सगळे त्यांना वेधशाळा म्हणत. खरी वेधशाळा चुकली की लोक हसतात. आमची चुकत नसे, एवढाच फरक.

ढग यायचा तो जेलमध्ये. बॅटरीच्या डब्यात बसवायच्या सेन्सरसाठी आम्ही हे जेल बनवायचो. थंड असताना काचेसारखं आरपार, ठरावीक तापमानाला पोचलं की दुधासारखं पांढरं. प्रकाश अडला की सर्किट बंद, म्हणजे बॅटरी पेटायच्या आत थांबली. तेव्हा ढग नेमका किती डिग्रीला येतो, यावरच सगळा खेळ. काका जेलची नळी काचेच्या भांड्यातल्या गरम होत जाणाऱ्या पाण्यात धरायचे, मागे कागदावर काळी रेघ. रेघ दिसेनाशी झाली की ते सांगायचे, थर्मामीटरवरचा आकडा मी बघायचे. मग तीच नळी मी मशीनवर तपासायचे आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे.

लातूरकडून आलेला हा माणूस जेलशी घरच्यासारखा वागे. उजेड पडला की आक्रसणारं दुसरं एक जेल आम्ही काळ्या कागदात ठेवायचो, त्याला ते लाजाळू म्हणत. तापणारं ते रुसकं. आम्ही शिकलेल्यांनी दिलेली लांबलचक नावं बरण्यांच्या चिठ्ठ्यांवरच राहिली. दिव्याखाली जेल घट्ट होत असताना कोणी टेबलाला धक्का दिला की काका खवळायचे. "घरी दही लागताना पातेलं हलविता का?" साहेबांनासुद्धा त्यांनी हे एकदा ऐकवलं होतं. साहेब निमूट मागे सरकले, आम्ही खाली माना घालून हसलो.

संध्याकाळी जाताना ते वहीत डोकावायचे. दोन्ही आकडे सारखे दिसले की म्हणायचे, "मशीन सुधरायलंय, मॅडम."

त्या मार्चमध्ये ढग लवकर यायला लागला. मशीन म्हणे एक्केचाळीस, काकांच्या हाकेला साडेचाळीस. मग चाळीस. मी मशीन तपासून घेतलं, ते बरोबर होतं. काका कंत्राटी होते आणि मशीन असताना माणूस कशाला, हे साहेब एकदा बोलून गेले होते. मी काकांच्या रकान्यातही मशीनचाच आकडा लिहायला सुरुवात केली. ही माणुसकी आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला एक अवघड बोलणं टाळायचं होतं. एकदाच भीत भीत विचारलं, "काका, चष्म्याचा नंबर तपासलात का?"

"घारीची नजर हाये माझी. आकडे जुळतेत का न्हाई?"

"जुळतात," मी म्हणाले. त्या एका शब्दाची मला आजही किळस येते.

वर्षभर आकडे जुळत राहिले. मग एका संध्याकाळी दुचाकीवरून पुनावळ्याला घरी जाताना रस्त्याच्या कडेला उभा ट्रेलर त्यांना दिसलाच नाही, ते त्यावर आदळले. पाय प्लास्टरमध्ये बरा झाला. डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला, दोन्हीकडे, फार पुढे गेलेला. दिव्याचा किंवा जेलचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर आले असते तर औषधाच्या थेंबांवर बरीच नजर टिकली असती, गेलेली परत येत नाही, हेही सांगितलं. उरलीसुरली पुढच्या काही महिन्यांत गेली.

मी भेटायला गेले. काकूंनी चहा ठेवला. काकांनी मला आवाजावरून ओळखलं, सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली आणि मग म्हणाले, "डाक्टर इचारत व्हते, आधी कधी धूसर दिसलं का म्हून. दिसायचं की. दिव्याभोवती रंग बी दिसायचे. पन मी म्हनलं, नजर बिघडली असती तर आकडे चुकले नसते का? मॅडमच्या वहीत तर रोज जुळायचे. म्हून गेलो न्हाई दवाखान्यात."

मी कप खाली ठेवला. गप्प राहता आलं असतं, वर्षभर तेच तर करत आले होते.

"काका, तुमचे आकडे मी बदलत होते."

त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"गेल्या वर्षीच्या मार्चपासून."

त्यांनी अंगठ्याने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. सावकाश, एकही न गाळता. मोजून झाल्यावर हात मांडीवर ठेवला आणि काकूंना म्हणाले, "मॅडमला रिक्षापर्यंत सोडून ये. बाहेर अंधार पडला असंल."

दुपारचे चार वाजले होते. दार उघडं होतं आणि ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं.