रुखसाना घाबरली नव्हती

नवऱ्याला मी माझ्याबद्दल जवळजवळ सगळं सांगितलंय, लग्नाआधी मोडलेलं एक स्थळसुद्धा. हे मात्र नाही. आईलाही नाही, आणि आता ती राहिली नाही. आज तुम्हाला सांगायला बसले खरी, पण जीभ आधीच दुसरीकडं वळतेय. वळू दे थोडी.

उमरग्यात आमचं किराणा दुकान, मागं घर. गल्लीतला पहिला टीव्ही आमचा. त्यावर मुलांसाठी भुताची एक मालिका लागायची – रविवारी सकाळी, भर उजेडात! कुणाला सुचलं असेल? भूत कधी दिसायचं नाही. नुसती ओली पावलं विहिरीच्या पायऱ्या चढून वर यायची आणि कुणाच्या तरी दारापाशी थांबायची. आम्ही सहा-सात पोरं सतरंजीवर एकमेकांना चिकटून बसायचो. अंधारासाठी खिडकीला साखरेचं पोतं लावायचं, ते काम रुखसानाचं.

रुखसाना म्हणजे समोरच्या टेलरचाचांची मुलगी, माझ्याच वर्गातली. आमची बोबडी वळलेली असायची आणि ही पुढं सरकून पडद्याला नाक लावायची. एकदा म्हणाली, पावलं सगळी डावीच आहेत, एकच पाय ओला करून उठवलाय कुणीतरी. बापाच्या दुकानात डाव्या-उजव्या बाह्या वेगळ्या करून ठेवायची ती. तिच्या नजरेतून काय सुटणार? आम्ही पाहिलं – खरंच, सगळी डावी. तरी मी घाबरतच राहिले. तिच्यासारखं बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तर – एका रविवारी ती पावलं दारापाशी थांबली नाहीत. थेट आमच्याकडं आली, पडदाभर. आणि मी – नऊ वर्षांची, चौथीतली, वर्गाची मॉनिटर – बसल्या जागी सतरंजी भिजवली.

पोतं काढल्यावर डाग सगळ्यांना दिसला. रुखसाना त्या दिवशी नेमकी मला चिकटून बसलेली, तिचीही सलवार ओली. आईनं विचारलं, कुणी केलं हे? मी रुखसानाकडं बोट दाखवलं.

बोट आपोआप उठलं असं म्हणू का? नाही. मी उठवलं.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग आईला म्हणाली, "व्हय काकू, मीच."

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी दारातच तिनं रुखसानाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, तुला सोसत नाही बाळ, नको बघत जाऊस. इतक्या मायेनं सांगितल्यावर कुणी काय बोलणार? रुखसाना परत गेली. मी आत सतरंजीवर बसले होते, सगळं ऐकत.

पोरं तिला वर्षभर भित्री म्हणून चिडवत होती. मीसुद्धा – दोनदा.

आणि सोमवारी शाळेत ती मलाच विचारायची, काल काय झालं? मी निम्मा भाग डोळे झाकून काढलेला, मग मनाचं काहीतरी ठोकून द्यायची. ती शांतपणे ऐकायची. मग म्हणायची, असं कसं होईल, दाराला तर आतून कडी होती. आणि खरं काय झालं असेल ते तीच मला सांगायची. पुढच्या रविवारी ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मालिका संपेपर्यंत सगळे भाग तिनं असेच पाहिले, माझ्या थापांमधून. मला तिचं किती कौतुक वाटायचं! पण आईकडं जाऊन एक वाक्य बोलायला काय लागत होतं? शाळेपासून आई पन्नास पावलांवर होती.

गेल्या दिवाळीत लेकीला घेऊन उमरग्याला गेले. टेलरचाचांचं दुकान आता रुखसाना चालवते, हाताखाली चार बायका आहेत. लेकीच्या ब्लाउजचं माप घेता घेता तिनं तो किस्सा स्वतःहून काढला – स्वतःवर घेऊन, सतरंजीसकट. लेक हसून हसून वाकली. मग तिनं विचारलं, मावशी, आणि आई? ती नव्हती का घाबरत?

रुखसानानं टेप गळ्यात अडकवला.

"तुझी आई? न्हाय गं. तुझी आई लई धीट."

दोघी माझ्याकडं बघत होत्या. मी तेव्हा नऊ वर्षांची नव्हते, सत्तेचाळीस वर्षांची होते. मी मान डोलावली.