काकूंच्या मोरीचं पाणी

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायला भिंतीला कान लावायची गरज नव्हती. प्रत्येक मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट गल्लीच्या उघड्या नालीत यायचं. पिवळं आलं की हळदीचं न्हाणं, निळसर आलं की धोतरांना नीळ. बायका दारात बसून ते इतकं सहज वाचायच्या की विचारू नका.

निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत धाराशिवात आम्हा मुसलमानांच्या घरांवर माणसं चालून येऊ लागली. अब्बा परगावी होते. समोरच्या काकूंनी अम्मीला आणि मला मागच्या दारानं आत घेतलं आणि धान्याच्या खोलीत लपवलं. काका-काकू म्हातारे, मूलबाळ नाही. दोन माणसांच्या घरातून किती पाणी बाहेर पडतं हे गल्लीला तोंडपाठ होतं. म्हणून आम्ही आंघोळ सोडली. तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं. माझ्या अंगाला वास येऊ लागला होता, आणि काकू भाकरी द्यायला आल्या की मी भिंतीकडं सरकायचे.

त्यातच माझी पहिली पाळी आली. मी रडले ते भीतीनं नाही, लाजेनं. परक्याचं घर, आणि पलीकडच्याच खोलीत त्यांचं देवघर. अम्मीनं फडकी ज्वारीच्या कणगीमागं दडवली. वास सुटला तेव्हा काकूंना कळलं. मला वाटलं, आता या आम्हाला बाहेर काढणार. त्यांनी फडकी बादलीत घातली आणि, रात्री चोरून पाणी सोडलं तर संशय येईल म्हणून, भरदिवसा मोरीत बसून स्वतःच्या हातानं धुतली.

तांबडं पाणी नालीत गेलं. थोड्या वेळानं शेजारीण दारात आली.

"काकू, कोण पावणी आलीय का तुमच्यात?"

"कोण येतंय? मीच बसलेय बाजूला."

"या वयात? बंद हुन लई वर्सं झाली म्हणत व्हता की. कावळा वाट चुकून शिवला वाटतं."

काकूही हसल्या. मग बोललेलं खरं दिसावं म्हणून त्या ओसरीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, घोंगडीवर बसून राहिल्या. काका चुलीपुढं जाड जाड भाकरी थापायचे, निम्म्या करपायच्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई काहीतरी बोलून जायची. एकीनं तर काकांनाही त्यात ओढलं. मी दाराआडून ऐकायचे आणि माझे कान जळायचे. जिच्यापुढं गल्लीतल्या सुना मान वर करत नव्हत्या, तिची माझ्यामुळं टिंगल चालली होती, आणि मला ब्र काढायची सोय नव्हती.

गडबड निवली, अब्बा आले, आम्ही घरी गेलो. टिंगल मात्र निवली नाही. एकदा मी आडावर पाणी शेंदत होते, काकूही घागर घेऊन आल्या होत्या, तेव्हा त्याच शेजारणीनं विचारलं, "काय काकू, कावळा परत आल्ता का न्हाय?" बायका खिदळल्या. खरं काय ते माझ्या घशापर्यंत आलं, पण अंगाची ती गोष्ट चारचौघींत बोलायची मला इतकी शरम वाटली की तोंडच उघडेना. त्या शरमेचीच आता जास्त शरम वाटते. काकूंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पोरीबाळींपुढं असलं बोलू न्हाय गं," त्या म्हणाल्या, आणि दोर हातात घेऊन माझी घागर त्यांनीच शेंदून दिली.